चार-तीन-दोनचा गृहपाठ

तिसरा चेंडू दुधाच्या पातेल्यात पडला तेव्हा सर स्वयंपाकघरात नव्हतेच. ते बाहेरच्या खोलीत, सोफा आणि पुस्तकांचं कपाट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, पाय फाकवून उभे होते. पहिला चेंडू कपाटावर जाऊन बसला होता, दुसरा पडद्यात अडकून मग घरंगळत खाली आला होता, आणि तिसऱ्याने दाराच्या चौकटीवर आपटून, वळून, स्वयंपाकघर गाठलं होतं.

"अहो," आतून आवाज आला, "दूध तापवायला ठेवलंय मी. झेलायला नाही."

"चुकून गेला गं."

"ते कळलं. मुद्दाम टाकायला सांगितला असता तर तुम्हाला कधी जमलाच नसता."

सर शाळेत गणित शिकवत. मुलं त्यांना पाठीमागे 'सरासरी सर' म्हणत. कारण वर्गात कुणी पैकीच्या पैकी गुण मिळवले तरी सर हुरळून जात नसत आणि कुणाला भोपळा मिळाला तरी चिडत नसत; दोघांची बेरीज करून दोनाने भागत आणि शांत होत. त्यांची बायको त्याच शाळेत खेळ शिकवायची. तिला मुलं 'शिट्टीबाई' म्हणत, पण तेही पाठीमागे आणि बरंच लांबून.

आता गणिताच्या माणसाने उतारवयात चेंडू का हाती घ्यावेत, तर त्याला कारण मोठ्या बाई. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसल्यापासून मोठ्या बाई एकेका शिक्षकाचा तास मागच्या बाकावर बसून ऐकत. सरांच्या नववी ब मध्ये त्या आल्या तो दिवस सरासरीच्या धड्याचा होता. सर मन लावून शिकवत होते. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा शेजारच्या मुलीने मोठ्या बाईंना हलकेच हलवून जागं केलं.

"मला उभ्या आयुष्यात कधी दिवसा झोप लागली नव्हती," मोठ्या बाई नंतर आपल्या खोलीत म्हणाल्या. त्यांना राग झोपेचा आला होता की जाग आणणाऱ्या मुलीचा, हे कळायला मार्ग नव्हता. "सर, पालकसभेपर्यंत मला तो वर्ग जागा दिसला पाहिजे. नाहीतर पुढच्या सत्रापासून नववी संगणकाच्या बाईंकडे. तुम्ही वेळापत्रक सांभाळा."

वेळापत्रक सांभाळायचं म्हणजे कुणाचा तास कुणी घ्यायचा ते ठरवायचं आणि स्वतः एकही घ्यायचा नाही. सरांच्या पायाखालची जमीन सरकली. सातवी-आठवीतल्या मुलांना गणित नुसतं सोडवायचं असतं, दहावीतल्यांना त्यातून नुसतं सुटायचं असतं. 'सर, असं का?' असं विचारणारं एखादं पोर सापडलंच तर ते नववीत सापडतं, असा सरांचा अनुभव होता. तो प्रश्न वर्षातून दोन-चारदाच यायचा, पण तेवढ्यासाठी ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर निघत. नववी गेली तर दाढी कुणासाठी करायची, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

उपाय त्यांना दंतवैद्यांकडे सापडला. दाढ दुखत होती म्हणून ते दवाखान्यात बसले होते आणि समोरच्या टेबलावर जुनी मासिकं पडली होती. एकात तीन चेंडू हवेत खेळवण्यावर लेख होता, आणि नवल म्हणजे त्यात चित्रांपेक्षा आकडेच जास्त. खेळणारे लोक म्हणे प्रत्येक फेकीला एक आकडा देतात. चार-चार-एक, पाच-तीन-एक असे आकड्यांचे क्रम लावतात आणि ते पुन्हापुन्हा फेकत राहतात. पुढचं वाक्य वाचून सरांची दाढ दुखायची थांबली. अशा प्रत्येक क्रमाची सरासरी काढली की जेवढे चेंडू तेवढंच उत्तर येतं. चार, चार, एक: बेरीज नऊ, भागिले तीन, उत्तर तीन. पाच, तीन, एक: तेच.

सर पान उलटणार तोच त्यांचा नंबर आला. दाढ काढून बाहेर आल्यावर त्यांनी त्या मासिकाकडे पाहिलंही नाही. नियम कळल्यावर पुढे वाचायचं ते ज्यांना नियम कळत नाही त्यांनी, असं त्यांचं मत होतं. तोंडात कापसाचा बोळा धरून ते थेट खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले आणि बोटांनी खूण करून त्यांनी तीन चेंडू मागितले.

शिट्टीबाईंनी आधी कपाळावर हात मारला. लग्नापासून या माणसाने फेकलेला कागदाचा बोळा कधी कचऱ्याच्या डब्यात पडल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. पण नववीचं प्रकरण त्यांना ठाऊक होतं आणि नवरा घरी बसून वेळापत्रकं आखणार ही कल्पना त्यांनाही सोसणारी नव्हती. त्यांनी दूध उतरवून ठेवलं, चेंडू धुऊन दिला आणि गळ्यात शिट्टी अडकवली.

"चेंडूकडे बघू नका. वर, तो जिथून वळतो तिथे बघा. आणि श्वास घ्या. फळ्यावर खडू तुटल्यासारखं तोंड करू नका."

शिट्टीबाईंच्या हाताखाली आजवर कुणी आळशी राहिलेलं नव्हतं, तिथे सर काय राहणार. सोफ्यापुढे उभं राहायचं, म्हणजे चेंडू पडला तरी वाकावं लागत नाही, ही युक्ती त्यांचीच. रोज संध्याकाळी शिट्टी वाजे आणि सर फेकू लागत. आधी नुसतं तीन-तीन-तीन जमलं. मग चार-चार-एक. आणि एके दिवशी पाच-तीन-एक असं काही सुरळीत चाललं, की सर स्वतःच दचकले आणि तिन्ही चेंडू धरून सोफ्यावर बसले.

"बघितलंस?"

"बघितलं. दाखवा आता तुमच्या नववीला," शिट्टीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून कौतुक बाहेर पडलं आहे हे ध्यानात येताच त्यांनी एकदा शिट्टी वाजवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात पुस्तक उघडलंच नाही. खिशातून चेंडू काढले. मागच्या बाकावरची मुलं, जी डोकं बाकावर टेकवण्याच्या बेतात होती, ती तशीच अर्ध्यात थांबली.

"प्रत्येक फेकीला एक आकडा," सर म्हणाले. "तुम्ही टाळी धरा. एका टाळीला माझा उजवा हात फेकेल, पुढच्या टाळीला डावा. तीन म्हणजे फेकलेला चेंडू तिथून तिसऱ्या टाळीला हातात आला पाहिजे. चार म्हणजे चौथ्या. आकडा मोठा, फेक उंच. विषम आकडा असेल तर चेंडू दुसऱ्या हातात जातो, सम असेल तर त्याच हातात परत येतो. एक म्हणजे या हातातून त्या हातात नुसता सरकवायचा. आणि दोन म्हणजे चेंडू हातातच ठेवायचा, काही करायचं नाही."

"सर, मला दोन येतं," मागच्या बाकावरून आवाज आला.

"माहीत आहे मला. वर्षभर तू दोनच करतो आहेस."

वर्ग हसला. सरांच्या तासाला वर्ग हसण्याची ती पहिलीच वेळ. मग त्यांनी पाच-तीन-एक करून दाखवलं. पाचवाला चेंडू पार पंख्यापर्यंत गेला आणि त्याच्या खालून बाकीचे दोन लगबगीने इकडचे तिकडे झाले. टाळ्यांचा ठेका तुटला आणि खऱ्या टाळ्या पडल्या. त्यातच पहिल्या बाकावरची दंतवैद्यांची लेक उभी राहिली.

"सर, पाच-तीन-एकच का? पाच-पाच-एक का नाही? असं का?"

वर्षातून दोन-चारदाच येणारा तो प्रश्न आला होता. सरांनी उगाच खोकून घेतलं.

"सरासरी काढ."

"अकरा भागिले तीन. तीन पूर्णांक दोन तृतीयांश."

"मग? दोन तृतीयांश चेंडू कुठून आणू?"

इथे सरांनी थांबायला हवं होतं. पण ज्याला कधी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याला टाळ्या पडल्या की पाय जमिनीवर राहत नाहीत. सरांनी खडू उचलला आणि ठणकावून सांगितलं, की ज्या आकड्यांची सरासरी तीन, ते सगळे तीन चेंडूंनी खेळता येतात, कुठलेही घ्या. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: चार-तीन-दोन. "बघा, कसं जिन्यासारखं आहे. एकेक पायरी उतरत यायचं. शेवटी तर दोनच आहे, म्हणजे काही करायचंच नाही. हे लहान मुलालाही जमेल. उद्याचा गृहपाठ. चेंडू नसतील तर घरातल्या कुठल्याही तीन सारख्या वस्तू घ्या."

हे चार-तीन-दोन सरांनी स्वतः एकदाही करून पाहिलं नव्हतं. उत्तर आलं की ताळा करून बघावा, हे ते मुलांना जन्मभर सांगत आले होते. या वेळी ताळा त्यांनी मुलांवरच सोपवला. मुलांनी तो इमानेइतबारे केला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. बेकरीवाले पुढे झाले. त्यांच्या मुलाने अंडी घेतली होती. "म्हणतो, चेंडू पडला तरी चालतं म्हणून लक्ष राहत नाही. पडून चालणार नाही अशी वस्तू घेतली की माणूस मन लावून करतो. दोन ट्रे मन लावून केलं त्यानं."

"आमच्याकडे तीन मोबाईल होते," एक आई म्हणाली. "माझा, ह्यांचा आणि सासूबाईंचा. आता तिघांनाही एकमेकांशी समोरासमोर बोलावं लागतंय."

पण सगळ्यात शांत आणि म्हणूनच सगळ्यात भयंकर होते दंतवैद्य. त्यांनी टेबलावर एक पिशवी ठेवली आणि उपडी केली. आतून प्लास्टरचे तुकडे पडले. त्यांच्या लेकीने रुग्णांच्या जबड्यांचे तीन साचे घेतले होते.

"तीन माणसांचे जबडे आहेत हे," दंतवैद्य म्हणाले. "कुठला कुणाचा, ते आता त्यांनाही सांगता येणार नाही. एका आजोबांना मी सकाळी कवळी बसवून बघितली. ती एका बाईंची निघाली. आपलेच दात नि आपलेच ओठ, असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही त्यांना."

एका गोष्टीवर मात्र सगळ्या पालकांचं एकमत होतं. एखादी वस्तू पडली असती तर समजलं असतं, पण घरोघरी तिन्ही वस्तू एकदमच पडल्या होत्या.

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं. "सर, हे चार-तीन-दोन तुम्हाला येतं?"

"गणितानं येतं."

"हातानं?"

"येईल."

"मग पालकसभेत करून दाखवा," दंतवैद्य म्हणाले. "तुम्हाला आलं तर चूक आमच्या पोरांची, आम्ही तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आलं, तर जे तुम्हालाच येत नाही ते मुलांना घरी करायला सांगता, असं आम्ही समजू."

"आणि नववी संगणकाच्या बाईंकडे," मोठ्या बाईंनी वाक्य पुरं केलं.

त्या संध्याकाळपासून घरात दुसरा विषय राहिला नाही. सर सोफ्यापुढे उभे राहत. उजव्या हाताने चार, सरळ वर. डाव्याने तीन, तिरका. उजव्यात दोन, म्हणजे चेंडू हातातच. आणि मग धप्प. तीनही चेंडू उजव्या हातावर येऊन आदळत आणि तिथून सोफ्यावर उड्या टाकत. सरांनी उंची बदलून पाहिली, चेंडू बदलून पाहिले, सोफा दुसऱ्या भिंतीला लावून पाहिला.

"नाचता येईना अंगण वाकडं," शिट्टीबाई म्हणाल्या.

"अंगण नाही, हात वाकडे आहेत माझे. सरासरी बरोबर तीन येते आहे. गणित चुकत नसतं, माणूस चुकतो."

"पुन्हा करा." शिट्टीबाई आता चेंडूंकडे नाही, नवऱ्याच्या खांद्यांकडे बघत होत्या. सरांनी पुन्हा केलं. धप्प. "अजून एकदा." धप्प.

"तुम्ही एकसारखे चुकताय," त्या म्हणाल्या.

"धन्यवाद."

"तसं नाही हो. ऐका. मी इतकी वर्षं पोरांना धावायला, फेकायला शिकवते. नवशिका कधी एकसारखा चुकत नाही. एकदा इकडे पडतो, एकदा तिकडे. तुम्ही दर वेळी त्याच जागी, त्याच वेळी चुकताय. म्हणजे हात बरोबर चाललेत तुमचे. तुमच्या आकड्यांतच कुठेतरी घोळ आहे."

सरांना हे झोंबलं. गणितावर कुणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे, घरच्या माणसाने तर नाहीच.

"आणि दुसरं," शिट्टीबाई म्हणाल्या, "तुमच्या वर्गातला तो मागच्या बाकावरचा, दोनवाला. त्याला येतंय म्हणे. मैदानावर करून दाखवत होता सगळ्यांना."

"त्याला काय येणार? त्यानं फळ्यावरचं नीट उतरवूनसुद्धा घेतलं नाही. चार-दोन-तीन लिहिलं होतं. शून्य दिलं मी त्याला."

हे बोलून सरांनी हातातले चेंडू खाली ठेवले. आकडे तेच, सरासरी तीच, आणि त्या पोराला येतंय. ते सोफ्यावर बसले आणि ज्या माणसाने मुलांना बोटं मोजल्याबद्दल आजवर हटकलं होतं, त्याने स्वतःची बोटं पुढे धरली.

पहिल्या टाळीला चार. एक आणि चार पाच. म्हणजे तो चेंडू पाचव्या टाळीला हातात. दुसऱ्या टाळीला तीन. दोन आणि तीन पाच. तिसऱ्या टाळीला दोन. तीन आणि दोन पाच.

"पाच, पाच, पाच," सर पुटपुटले. मग घाईघाईने त्या पोराचं मोजलं. एक आणि चार पाच. दोन आणि दोन चार. तीन आणि तीन सहा. पाच, चार, सहा. त्याचे तिन्ही चेंडू तीन वेगळ्या वेळी येत होते आणि सरांचे तिन्ही एकाच टाळीला, एकाच हातात. बेरीज पहिलीतली होती.

सगळ्या गायींना चार पाय असतात, पण म्हणून चार पायांचं टेबल दूध देत नाही, हे वाक्य सर दरवर्षी नववीत म्हणत. नियम उलटा फिरवला की तो खरा राहीलच असं नाही, हे मुलांच्या डोक्यात शिरावं म्हणून. खेळता येणाऱ्या प्रत्येक क्रमाची सरासरी तीन, एवढंच मासिकात होतं. सरासरी तीन असलेला प्रत्येक क्रम खेळता येतो, हे सरांनी स्वतःच्या मनाने जोडलं होतं. अख्ख्या नववी ब ला त्यांनी टेबलाखाली बादली घेऊन बसवलं होतं.

"म्हणजे येणारच नाही?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"कुणालाच येणार नाही."

"मग तसं सांगून टाका सभेत."

"सगळ्यांसमोर? चुकलो म्हणून?"

"पोरं रोज सगळ्यांसमोरच चुकतात की," शिट्टीबाई म्हणाल्या आणि चेंडू गोळा करायला लागल्या.

पालकसभेला सभागृह गच्च भरलं. गणितासाठी एवढी गर्दी शाळेने कधी पाहिली नव्हती. पुढच्या रांगेत दंतवैद्य मांडीवर पिशवी घेऊन बसले होते, पलीकडे बेकरीवाले. मोठ्या बाई व्यासपीठावर, आणि भिंतीला टेकून नववी ब. संगणकाच्या बाई कडेला अवघडून बसल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना नववी नकोच होती, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सर फळ्याजवळ गेले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी फळ्यावर चार-तीन-दोन लिहिलं आणि सभेकडे तोंड केलं.

"हे खेळता येत नाही," ते म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं. मुलांनी बरोबर केलं. जे होणारच नाही ते त्यांनी करून बघितलं, आणि ते झालं नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांनी मान वर केली नाही. फळ्यावर बेरीज मांडली. एक आणि चार. दोन आणि तीन. तीन आणि दोन. तिसरा पाच लिहून होताच भिंतीकडून नववी ब एका सुरात म्हणाली, "टेबल."

"हो, टेबल," सर म्हणाले. "आणि ज्यानं उतरवून घेताना चूक केली त्याचंच बरोबर आलं. त्याचं शून्य मी मागे घेतो." मागच्या बाकावरच्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान ताठ केली आणि ती कशी धरतात ते न कळून पुन्हा खाली घातली.

"एक मिनिट," दंतवैद्य उठले. त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. "तिन्ही चेंडू एकाच वेळी येतात म्हणता?"

"हो."

"आणि उजव्याच हातात येतात?"

"हो, उजव्याच."

"मग तो उजवा हात तिथे करतो काय? मी दिवसभर एका हातानं जबडा धरतो, जीभ बाजूला करतो आणि त्याच हातानं दिवा फिरवतो. तीन चेंडू आपण होऊन हातात यायला लागले, तर धरता येत नाहीत तुम्हाला?"

लोक हसले. सर हसले नाहीत. ते आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिले. इतके दिवस तो हात चेंडू धरत नव्हता, कारण त्याला पुढची फेक करायची घाई होती. क्रम चालू ठेवायचा, पुन्हा चार, पुन्हा तीन, पुन्हा दोन. जिना उतरून झाल्यावरही ते पायरी शोधत होते. आणि खाली तर जमीन होती.

सरांनी चेंडू उचलले. नववी ब ने न सांगता टाळीचा ठेका धरला.

तीन, तीन, तीन, चेंडू शांतपणे फिरू लागले. मग उजव्या हातातून चार, सरळ वर. डाव्यातून तीन. दोन हातात. आणि सरांनी पुढची फेक केलीच नाही, नुसता तळहात उघडा धरला. दोन चेंडू त्यात राहिले. तिसरा काठावरून निसटला आणि घरंगळत दंतवैद्यांच्या बुटाशी जाऊन थांबला.

दंतवैद्यांनी वाकून चेंडू उचलला, सरांना नेऊन दिला आणि हळूच म्हणाले, "करंगळी जरा बाहेर. साचा भरताना आम्ही धरतो तशी."

सरांनी करंगळी बाहेर काढली. दाराशी उभ्या असलेल्या शिट्टीबाईंच्या तोंडात शिट्टी होती आणि दात तिच्यावर घट्ट रोवलेले होते. तीन, तीन, तीन. चार. तीन. दोन. दोन चेंडू दोन वेगळ्या उंचीवरून एकाच वेळी उतरले आणि तिसऱ्याशेजारी बसले. उजव्या तळहातावर तिन्ही चेंडू एकमेकांना टेकून स्वस्थ पडले होते. डावा हात रिकामा होता. सरांनी त्या रिकाम्या हाताने खडू घेतला आणि फळ्यावरच्या चार-तीन-दोनपुढे ठळक पूर्णविराम दिला. डाव्या हाताचा असल्यामुळे तो जरा वाकडा आला.

"याचं पुढे काही होत नाही," सर म्हणाले. "हे शेवटी करायचं."

मग जो काही गलका झाला त्यात बेकरीवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते, तीन मोबाईलवाल्या बाई सासूबाईंना मिठी मारत होत्या आणि शिट्टीबाईंची शिट्टी आपोआप वाजत होती. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांचा एक हात मोकळा होता, हे बरंच झालं. दंतवैद्य लेकीकडे वळून म्हणाले, "बघ, मी सांगितलं म्हणून जमलं." पिशवीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मोठ्या बाई टक्क जाग्या होत्या. "नववी तुमच्याकडेच राहील," त्या म्हणाल्या, आणि संगणकाच्या बाईंनी सरांपेक्षाही मोठा सुस्कारा सोडला.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली. गणिताचा तास खेळाला द्या, म्हणून मुलं आजवर शिक्षकांच्या विनवण्या करत आली होती. नववी ब सरांना शिक्षकांच्या खोलीबाहेर गाठून म्हणाली, "सर, आज खेळाच्या तासाला गणित घ्या ना." सरांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. ते हो म्हणण्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात मुलांच्या मागे शिट्टीबाई उभ्या दिसल्या.

"नववी तुमची राहिली आणि माझी गेली म्हणायची," त्या म्हणाल्या.

"घरातली सरासरी तेवढीच राहिली ना पण," सर म्हणाले. विजयाने माणसाची जीभ सैल होते, ती अशी.

शिट्टीबाईंनी डोळे बारीक केले. "घ्या की तास. पण मैदानावर घ्यायचा, आणि अट माझी. कुणाच्याही हातून चेंडू पडला की अख्ख्या वर्गानं मैदानाला एक फेरी. शिक्षकासकट."

सरांनी मोठ्या ऐटीत अट मान्य केली. दंतवैद्यांच्या लेकीने नवा क्रम काढला होता, मागच्या बाकावरचा टाळी धरून होता, आणि आता चेंडू पाडतो आहे कोण. पहिल्या पाच मिनिटांतच एक पडला. सर इस्त्रीचा शर्ट सावरत, पोट सांभाळत, वर्गाच्या मागोमाग अख्खं मैदान धावले, आणि त्यांना तसं धावताना नववी ब ने डोळे भरून पाहिलं. त्यानंतर नववी ब च्या हातात एक चेंडू टिकेल तर शपथ.